विंटरसाठी शेवटचा उतारा

वैतीबाईंना मी आधी ऐकलं आणि पंधरा दिवसांनी पाहिलं. माझं कामच तसं होतं. साकीनाक्याला एका गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली पत्र्याचे डबे बनवणारी प्रेस दिवसभर धडधडायची आणि वर आमच्या शिक्षिका चीनमधल्या सहावी ते नववीच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी शिकवलेलं मी तपासायची. हेडफोन लावून तासांची फक्त आवाजाची रेकॉर्डिंग ऐकायची आणि वीस चौकोनांचा फॉर्म भरायचा. बाईचा आवाज हसरा होता का, मागे प्रेसची धडधड ऐकू आली का, पाठ्यक्रम सोडून काही बोलली का. शेवटचा चौकोन सगळ्यांत महत्त्वाचा होता: आपण भारतात बसलोय हे चुकून सांगितलं का? पालकांना वाटायला हवं होतं की ही मंडळी लंडनला किंवा तिकडेच कुठेतरी आहेत. म्हणून प्रत्येकीच्या पाठीमागे शेकोटीचं चित्र असलेला पडदा लावलेला असायचा आणि प्रत्येकीला एक इंग्रजी नाव दिलेलं असायचं.

मे महिन्यातलं ते रेकॉर्डिंग मला अजून आठवतं. एका मुलाने विचारलं, "टीचर, तुमच्याकडे बर्फ पडतोय का?" मे महिन्यात लंडनलाही बर्फ पडत नाही, पण पोरगा लहान होता. आमच्या बाकीच्या शिक्षिका अशा वेळी रंगात यायच्या. कोणी बर्फाचा माणूस करायची, कोणी हातमोजे हरवायची. 'मिस हेलन' मात्र अगदी शांतपणे म्हणाली, "नॉट टुडे." मी एकटीच हेडफोनमध्ये हसले. नियम मोडला नव्हता आणि खोटंही बोलली नव्हती. ही बाई कोण आहे ते बघायलाच हवं, असं मला वाटलं.

पाहिलं ते पँट्रीत. ठेंगणी, सावळी, चापूनचोपून पिनअप केलेली साडी, पांढऱ्या केसांत अबोलीचा गजरा. समोर डबा उघडा आणि त्यात सुक्या जवळ्याची चटणी. एसीच्या बंद हवेत तो वास कुठवर गेला असेल ते सांगायला नको. आसपासच्या तीन टेबलांवर कोणी नव्हतं.

"तूच ना गो, माझा आवाज ऐकतंस ती?" त्या म्हणाल्या. "मग अशी लांब कशाला उभी? समोर बस आणि जेव."

माझं माहेर मालवणकडचं आणि सासर मुलुंडचं, पण वासाला मुलुंडमध्येही कोणी घाबरत नाही. मी बसले. त्या दिवसापासून रोज बसले.

त्या गोराईच्या कोळीवाड्यातल्या. नाव हिरा वैती. बोरीवलीच्या पालिकेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तिथेच खोली घेऊन राहिल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत घरात कंटाळल्या. "भिंतींना शिकवू काय?" म्हणायच्या. कॅमेऱ्यासमोर साडीवर कंपनीचा कोट असायचा आणि इंग्रजी स्वच्छ, संथ. हेडफोन काढला की पुढच्याच मिनिटाला गोराई सुरू. लाल पेन कायम जवळ. लिफ्टमधली सूचना, पाण्याच्या मशिनवरचा कागद, काही सुटायचं नाही. डब्यांच्या वासाबद्दल एचआरने सगळ्यांना एक मेल पाठवला होता. रोख कोणावर होता ते उघड होतं. बाईंनी तो छापून घेतला, लाल पेनाने तपासला, दहापैकी चार मार्क दिले आणि एचआरच्या टेबलावर नेऊन ठेवला. खाली शेरा होता, 'विचार चांगला आहे, मांडणीवर मेहनत घ्या.' दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा जवळा.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. चीनच्या त्या मुलांचं व्याकरण आपल्यापेक्षा पक्कं. गाळलेल्या जागा डोळे मिटून भरतील, काळ ओळखायला सांगा, तो ओळखतील. पण उतारा दिला की सगळी एकच गोष्ट करायची. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचं वाक्य उचलून द्यायचं. मार्क पूर्ण मिळायचे आणि गोष्ट कोणाची होती हेही पोरांना ठाऊक नसायचं.

"आमच्या बोरीवलीची पोरं हेच करायची," बाई म्हणाल्या. "गाइड वाचून वाचून. चीनची न् बोरीवलीची, दोघांना एकाच मास्तराने बिघडवलंय बघ."

त्या पर्याय झाकून ठेवायच्या. आधी विचारायच्या, गोष्टीत कोण आहे? कुठे बसलंय? त्याच्या हातात काय आहे? हे तीन सांगता आले की मगच परीक्षेचा प्रश्न. मूल अडलं की म्हणायच्या, "उत्तर उताऱ्यातच असतं. परत वाच." आणि तरीही मिळालं नाही तर हसून सांगायच्या, "मग तुझी चूक नाही, उतारा अपुरा आहे."

कंपनीचे उतारे त्यांना मुळीच आवडायचे नाहीत. कुठे कचऱ्याचं वर्गीकरण, कुठे जिराफाच्या मानेची लांबी. "ह्यात माणूसच नाय," त्या म्हणायच्या. "वाचणार कोणाला?" म्हणून त्या स्वतः उतारे लिहायला लागल्या. बसमध्ये बसून, लांब वहीत, पेन्सिलीने. हे सरळसरळ पाठ्यक्रमाबाहेरचं होतं. मी पुढचे आठ महिने 'पाठ्यक्रमानुसार शिकवले का' या चौकोनात 'होय' भरत राहिले. त्या नोकरीत मी केलेलं तेवढं एकच धाडस.

हे उतारे ज्या मुलीमुळे लांबत गेले तिचं नाव विंटर. खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं. त्या मुलांनाही इंग्रजी नावं घ्यावी लागायची आणि ती त्यांची तीच निवडायची. कोणी चेरी, कोणी रॉकेट. हिने विंटर निवडलं होतं. आठवीत होती. समुद्रापासून खूप आत असलेल्या कुठल्याशा गावात आजीजवळ राहायची. वडील दूरच्या शहरात कारखान्यात होते आणि वर्षातून एकदा, त्यांच्या नववर्षाला, घरी यायचे. गेल्या नववर्षाला आले नव्हते. हे सगळं तिने एका निबंधात लिहिलं होतं, 'माझे कुटुंब' या विषयावर, पाच ओळींत, एकही चूक न करता.

पहिला उतारा साधा होता. समुद्राकाठी एक गाव. एका माणसाची होडी. तो पहाटे निघतो, बायको बाजारात मासळी विकते, मुलगी शाळेत जाते. दुसऱ्या उताऱ्यात होडी जाते आणि वेळेवर येत नाही. तिसऱ्यात लोक शोधायला जातात आणि रिकाम्या हातांनी परत येतात. चौथ्यात ती बाई रोज सकाळी बाजारात जाते, आपल्या ठरलेल्या जागेवर बसते आणि समोर रिकामी टोपली ठेवते. शेजारणी आपल्या होडीची मासळी देऊ करतात. ती घेत नाही.

खाली प्रश्न होता: विकायला काही नसताना ती बाजारात का बसते?

मी सगळ्या मुलांची उत्तरं ऐकली. कोणी म्हणालं, ती थकली आहे. कोणी म्हणालं, तिला मैत्रिणींशी गप्पा मारायच्या आहेत. एकाने ठामपणे सांगितलं, ती आळशी आहे.  विंटर हळूच म्हणाली, "ती घरी बसली तर होडी येणार नाही असं होईल. म्हणून ती बसते."

 रेकॉर्डिंगमध्ये पुढे मिस हेलनचा आवाज येतो, "व्हेरी गुड, विंटर." तो आवाज नेहमीचा नव्हता.

त्या दिवशी बाई डबा न उघडता पँट्रीत बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच बोलल्या. होडी त्यांच्या वडिलांची होती. त्या तेव्हा सातवीत. त्यांची आई तीन महिने अशीच रिकामी टोपली घेऊन बाजारात बसली. शाळेतून येताना हिरा तिच्याकडे जायची आणि विचारायची, "आली?" आई म्हणायची, "आज नाय."

"पन्नास वर्सं झाली," बाई म्हणाल्या. "आय कशाला बसायची ते मना कवा समजलंच नाय. त्या एवढ्याशा पोरीला समजलं."

पुढच्या आठवड्यापासून विंटर तासाची सुरुवात एकाच प्रश्नाने करायला लागली. "टीचर, होडी आली का?" आणि बाई म्हणायच्या, "नॉट टुडे." मग दुसराच एखादा उतारा काढायच्या. त्या मुलीला समुद्राबद्दल सगळं हवं असायचं. पाणी किती खारट असतं, लाटांचा आवाज कसा असतो. बाईंनी रविवारी गोराईला जाऊन फोनवर लाटांचा आवाज रेकॉर्ड करून आणला आणि तासात वाजवला. मधेच एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "हिरे, चा घेतंस काय?"

"ते कोण बोललं?" विंटरने विचारलं.

"माझी बहीण. चहा घेणार का विचारतेय."

"कुठल्या भाषेत?"

"माझ्या घरच्या," मिस हेलन म्हणाल्या. शेवटच्या चौकोनात काय भरायचं यावर मी पाच मिनिटं विचार केला. मग 'देशाचा उल्लेख नाही' असं भरलं. उल्लेख खरंच नव्हता.

पण शेवटचा उतारा काही लिहिला जात नव्हता. विंटर विचारत होती आणि बाई टाळत होत्या. एका दुपारी मी चिडवलं, "काय बाई, पोरीला किती ताटकळत ठेवणार? आणा ना ती होडी परत. गोष्टच तर आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चमचा खाली ठेवला.

"खोटं लिवू?" त्या म्हणाल्या. "तिचा बाप पण आला नाय. तिला खोटं कळेल." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "आणि खरं मना नाय जमत गो."

खरं काय होतं ते त्यांनी सांगितलं. तीन महिन्यांनी एक दिवस त्या शाळेतून आल्या तर आईची टोपली भरलेली होती. दुसऱ्याच्या होडीची मासळी. हिराचा संताप झाला. भर बाजारात ती आईला म्हणाली, "बाबांना तू मारलंस." त्यानंतर वर्षभर ती आईशी नीट बोलली नाही. पुढे बोलायला लागली, शिकली, नोकरीला लागली, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. पण त्या वाक्याबद्दल माफी मागायची राहिली. आईने तो विषय कधी काढला नाही आणि बाईंना तो काढता आला नाही.

 

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ऑफिसात कुजबुज सुरू झाली. तिकडचे कसलेसे नियम बदललेत, शिकवण्या बंद होणार. आमचा टीम लीडर निखिल रोज सांगायचा, "टेन्शन घेऊ नका यार, सगळं सेट होईल." तो असं म्हणाला की आमची वाट लागणार हे आम्हाला कळायचं. एका गुरुवारी दुपारी बारा वाजता ॲप बंद झालं. मुलांना निरोप नाही, शिक्षिकांना सूचना नाही. फक्त एक मेल आला: सर्व तास तात्काळ थांबवले आहेत, कोणत्याही विद्यार्थ्याशी वा पालकाशी संपर्क साधू नये, साधल्यास अनुभवाचं प्रमाणपत्र मिळणार नाही. विंटरचा तास शुक्रवारी चारला असायचा.

बाई साधारण एकला माझ्या टेबलाशी आल्या. हातात वहीतून नीट फाडलेलं पान होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शेवटचा उतारा. तो त्यांनी आदल्या संध्याकाळी लिहून काढला होता.

"तुझ्याकडे पोरांच्या घरचे पत्ते असतात ना गो? आईबापांचे नंबर?"

होते. त्या क्षणी माझ्या स्क्रीनवर ती यादी उघडी होती. विंटरच्या आजीचा नंबर, ईमेल, सगळं. पानाचा फोटो काढून पाठवायला दोन मिनिटं लागली असती.

"हे एवढं पाठव," त्या म्हणाल्या. "बाकी काय नको. माझं नाव पण नको."

निखिल काचेपलीकडे उभा होता. माझ्या नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती आणि मला दुसरीकडे अर्ज करायला ते प्रमाणपत्र हवं होतं. कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. मी हळू आवाजात म्हणाले, "आज नाही बाई. आज सगळे बघतायत. उद्या सकाळी आल्या आल्या पाठवते."

 त्या "बरं" म्हणाल्या, पान माझ्या हातात दिलं आणि आपला पडदा गुंडाळायला गेल्या.

शुक्रवारी सकाळी नऊला माझा पासवर्ड चालेना. साडेनऊला लॅपटॉप गोळा करून नेले. प्रमाणपत्र मात्र आठवड्यात घरी आलं. त्यावर माझं नाव चुकलेलं होतं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पण विंटर हे नाव, आठवीची इयत्ता आणि गावाचं एक ओझरतं ऐकलेलं नाव एवढ्यावर त्या देशात एक मुलगी कशी शोधायची? जुन्या शिक्षिकांना विचारलं, निखिललाही विचारलं. तो म्हणाला, "स्मिता, जाऊ दे ना आता." दर शुक्रवारी चारला बाईंचा फोन यायचा. "गेलं का गो?" आणि मी म्हणायची, "आज नाही, बाई." मग त्या जेवण, माझी मुलगी, नवऱ्याची नवी नोकरी, सगळं विचारायच्या. त्या गुरुवारबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. लाल पेन काढून दहापैकी शून्य दिला असता तरी चाललं असतं.

ते पान माझ्या कपाटात आहे. मुलांचं हस्ताक्षर तपासणाऱ्या बाईचं असतं तसं गोल, सरळ अक्षर. एके सकाळी ती बाई दुसऱ्याच्या होडीची मासळी विकत घेते, असं त्यात आहे. मुलगी शाळेतून येते आणि भरलेली टोपली बघते. तिला खूप राग येतो आणि ती आईला एक वाईट वाक्य बोलते. ते वाक्य काय होतं हेही पूर्ण लिहिलेलं आहे.  आई टोपली थोडी बाजूला सरकवते आणि मुलीसाठी जागा करते. मुलगी बराच वेळ उभी राहते, मग बसते. ती विचारते, "आपली होडी आली का?" आई म्हणते, "आज नाही." मग आई म्हणते, तुझा धडा वाच, मला ऐकू दे. आईला वाचता येत नाही. मुलगी पुस्तक उघडते आणि भर बाजारात मोठ्याने वाचते.

खाली एकच प्रश्न आहे: त्या बाईने वाट बघणं सोडलं का? आणि उत्तरासाठी तीन ओळी मोकळ्या सोडलेल्या आहेत.

मुलगी तेव्हा खरंच बसली होती का, हे मी बाईंना कधी विचारलं नाही. माझा अंदाज, बसली नव्हती.

गेल्या वर्षी वैतीबाई गेल्या. गोराईला, भावाच्या घरी. मला दोन दिवसांनी कळलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, भावजय अंगणात सुकट पसरत होती आणि तिने मला पाणी दिलं. कोपऱ्यात बाईंची पिशवी होती. त्यात लांब वह्या आणि लाल पेन.

पण मला त्या आठवतात त्या आदल्या वर्षीच्या, बोरीवलीच्या जेट्टीवरच्या. गुडघे फार दुखायला लागले होते, जिने चढवेनात, म्हणून बोरीवलीची खोली सोडून त्या कायमच्या गोराईला निघाल्या होत्या. मी पोचवायला गेले. सामान आधीच गेलं होतं. हातात तेवढी ती पिशवी. होडीत त्या कठड्याला लागून बसल्या, पदर खोचला, केसांतली अबोली चाचपून बघितली. मला तिथेच सांगायचं होतं की बाई, त्या गुरुवारी यादी माझ्यासमोर उघडी होती. मी घाबरले. शब्द तोंडाशी आले आणि इंजिन सुरू झालं.

होडी जेट्टीपासून सुटली. मधलं पाणी रुंद होत गेलं. तेवढ्यात त्या वळल्या आणि तोंडाशी हात धरून ओरडल्या, "गेलं का गो?"

शुक्रवार होता. माझ्या ध्यानातच नव्हतं.

"आज नाही, बाई!" मी ओरडले.

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली, मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर हलवायच्या तशी. मग पिशवी मांडीवर नीट घेतली आणि गोराईकडे तोंड करून बसल्या.